शेजारच्या खोलीतला आवाज थांबवायला भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावावेत का?

नका लावू. पैसे जातील आणि ट्रेमध्ये झुरळं होतील.

पुण्यात कॉट बेसिसवर राहता, मधे प्लायचं पार्टिशन आहे आणि पलीकडचं फोनवरचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. सदाशिव पेठेत मीही 3 वर्षं अशाच खोलीत काढली. पलीकडच्याच्या लग्नाची बोलणी कुठवर आली हे त्याच्या रूममेटआधी मला कळायचं! पुढे सिव्हिलच्या कामाला लागलो तेव्हा यातली मेख समजली.

फोम आवाज शोषतो, अडवत नाही. तुमच्याच खोलीतलं घुमणं कमी होईल, एवढंच. अडवायला वजन लागतं, आणि तेही भरपूर: भिंत दुप्पट जड केली तरी जेमतेम 5-6 डेसिबलचा फरक पडतो, कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण 10 लागतात. गिलावा केलेल्या नऊ इंची भिंतीचं काम प्लायला जमणार नाही ते यामुळेच.

पण आधी स्टुलावर चढून पार्टिशन वर कुठवर गेलंय ते बघा. आमचं फॉल्स सीलिंगपाशीच थांबलं होतं, वर स्लॅबपर्यंत हातभर पोकळी. म्हणजे आवाज भिंतीतून कमी आणि डोक्यावरून जास्त येत होता. भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा असला, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असो, 20 डेसिबलच्या वर काही अडत नाही. दाराखालची बोटभर फटही दाराच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याएवढी भरते.

मालकांच्या मागे लागून ती पोकळी आम्ही जिप्सम बोर्ड आणि रॉकवूलने (दगडापासून केलेली लोकर) बंद करून घेतली, सांधे सिलिकॉनने भरले. दाराखाली रबरी पट्टी मी स्वतः चिकटवली. बोलणं थांबलं नाही, पण शब्द कळेनासे झाले. अभ्यासातलं लक्ष खातात ते शब्दच. मालक ऐकत नसतील तर पोकळी तशीच राहणार. मग निदान पार्टिशनमधून येणाऱ्या आवाजासाठी पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट त्याला लावून ठेवा. एमपीएससीवाल्याकडे पुस्तकांना काय तोटा!

वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांची खरखर स्लॅबमधून उतरते, तिला खालून सोपा इलाज नाही. वर जाऊन खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घालून या.

गणपतीआधी नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की मात्र हे सगळं फोल. खर्जातला आवाज हलक्या भिंतीला जुमानतच नाही. त्या दिवसांत मी संध्याकाळी सरळ लांबची अभ्यासिका गाठायचो.