पाणी पाझरतंय, पण इंग्रजीत कुठलं क्रियापद?

मुलुंडच्या ताईंनी विचारलंय: बेडरूमच्या छताला आणि बाजूच्या भिंतीला ओल आली आहे, कमिटीला इंग्रजीत पत्र द्यायचंय, आणि 'लीक', 'सीप', 'ऊझ' यांतलं काय लिहावं यावर घरात तीन मतं पडलीत. वर एकांनी 'तिन्ही चालतील' असं उत्तर दिलंय. नाही चालणार. दादरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात मी बावीस वर्षं इमारतींच्या पाहणीचे अहवाल लिहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी छताखाली उभ्या राहून नीट बघा. थेंब पडतो का? पडत असेल तर 'ड्रिप'. आपलं ठिबकणं, ठिबक सिंचनातलं तेच. थेंब पडत नाही, पण डाग पसरतोय, रंगाचे पोपडे सुटतायत, तळवा टेकवला की गार आणि ओलसर लागतं, तर 'सीप'. त्यात पाण्याला एक असं भोक नसतं. विटा, प्लास्टर, काँक्रीट यांच्या बारीक छिद्रांतून आणि केसाएवढ्या चिरांतून ते वाट काढत येतं. 'लीक'ला मात्र एक जागा लागते: फुटका पाईप, सुटलेला जॉइंट, नहाणी ट्रॅपभोवतीची फट. (नहाणी ट्रॅप म्हणजे बाथरूमच्या लादीत पाणी वाहून जायला बसवलेली जाळीची मोरी; आपल्याकडचे इंजिनिअर तिला इंग्रजीतही नहाणी ट्रॅपच लिहितात. पत्रात बिनधास्त वापरा.)

क्रियापदाइतकंच त्याच्यापुढचं शब्दयोगी अव्यय सांभाळा, हे मी फार महागात शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत परळच्या एका इमारतीच्या अहवालात मी 'लीक फ्रॉम द बाथरूम अबव्ह' असं लिहिलं. ओल बरोबर वरच्या न्हाणीघराखाली होती, मला शंकाच आली नाही. त्या एका ओळीवर वरच्या बिऱ्हाडाच्या बाथरूमच्या लाद्या फोडल्या. पाईप ठणठणीत कोरडा निघाला. पाणी येत होतं बाहेरच्या भिंतीला छज्जाजवळ गेलेल्या चिरेतून, पावसाचं, आणि स्लॅबमधून सरकत तिथे उतरत होतं. वरच्या आजींना आठवडाभर आंघोळीला शेजारी जावं लागलं आणि दोन घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. 'फ्रॉम' म्हटलं की तुम्ही उगम सांगता, म्हणजे कुणाकडे तरी बोट दाखवता. उगम माहीत नसेल तर 'थ्रू' लिहा. 'थ्रू द सीलिंग' म्हणजे छतातून येतंय, एवढंच डोळ्यांना दिसलं. त्या दिवसानंतर तपासणी झाल्याशिवाय मी 'फ्रॉम' कधी लिहिला नाही.

आता एक गोष्ट, जी वरच्या कुठल्याच उत्तरात आली नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांमध्ये, पावसाच्या पाण्यामुळे होणारी आणि बाहेरच्या सामाईक पाईपलाईन, ड्रेनेज लाईनमुळे होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची आहे. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे घरातल्या घरात होणारी सभासदाने. इंग्रजी मसुद्यात दोन्हीकडे शब्द 'लीकेज' हाच आहे. म्हणून पत्राच्या विषयात 'लीकेज' घाला, म्हणजे उपविधीत हे बसत नाही असं कुणी म्हणणार नाही. आत मजकुरात मात्र जे दिसतं तेच लिहा, 'सीप' किंवा 'ड्रिप'.

व्याकरणात 'लीक' अगदी आपल्या 'गळणे'सारखा चालतो. छप्पर गळतं आणि पाणीही गळतं. तसंच 'द रूफ लीक्स' आणि 'वॉटर लीक्स', दोन्ही बरोबर. 'सीप'चं तसं नाही. पाणी झिरपतं, छप्पर झिरपत नाही. 'द रूफ सीप्स' कुणी लिहीत नाही. मराठीतला घोटाळा होतो 'पाझरणे'मुळे, कारण तो शब्द फार मोठा आहे. दगड पाझरतो, डोळे पाझरतात, आणि आपल्या पाझर तलावाचं इंग्रजी नाव 'पर्कोलेशन टँक' आहे. 'पर्कोलेट'मध्ये मुळात लॅटिन गाळणी आहे: पाणी थरांतून गाळलं जात खाली उतरतं, जमिनीत मुरतं. भिंतीच्या ओलीला तो शब्द नको.

'ऊझ' तर पत्रातून काढूनच टाका. तो दाट, चिकट गोष्टींचा शब्द. मोदक उकडताना फुटला आणि गुळाचा पाक बाहेर आला, तर तो 'ऊझ' होतो. खोल समुद्रतळाच्या ज्या गाळात सूक्ष्मजीवांच्या कवचांचा वाटा ३० टक्क्यांहून जास्त असतो, त्याचं नावच 'ऊझ' आहे. जखमेलाही हाच शब्द. आईच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा ड्रेसिंगच्या कागदावर 'ऊझिंग' वाचून माझा भाऊ रक्तस्राव समजून घाबरला होता. पट्टी सोडली तर कडेला पिवळसर लस आली होती, तेवढीच. रक्त हळूहळू येत असलं तरी 'ऊझ' म्हणतात, म्हणून अशा वेळी काय येतंय हे सिस्टरना विचारावंच. त्या लशीला डॉक्टर 'एक्झुडेट' म्हणतात. 'एक्झूड' म्हणजे मुळात घाम बाहेर टाकणं. त्यातलं लॅटिन 'सुदारे' आणि आपला संस्कृत 'स्वेद' एकाच कुळातले. शेवग्याच्या खोडातून डिंक येतो तोही 'एक्झूड'.

'ब्लीड' इंजिनिअरच्या तोंडून ऐकलात तर दचकू नका. ओल्या काँक्रीटवर पाणी तरंगून आलं किंवा उन्हाने रस्त्याचं डांबर वर आलं, तर दोन्हीला 'ब्लीडिंग' म्हणतात. घाटातल्या संरक्षक भिंतींना पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम भोकं ठेवतात, ती 'वीप होल'. आणि तुमच्या भिंतीवर पांढरी भुकटी, लोणा, दिसत असेल तर तेही पत्रात लिहा: पाणी चुना आणि क्षार विरघळवून बाहेर आणतंय, त्याला 'लीच' म्हणतात. ओल जुनी असल्याचा तो चांगला पुरावा असतो.

पत्र देण्याआधी एक करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख घाला, फोटो काढा. चार दिवसांनी पुन्हा. पाऊस थांबल्यावरही डाग रेघेबाहेर जात असेल तर वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून, रंगीत पाणी भरून चाचणी घ्यायची विनंती पत्रातच करा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं. ते झालं आहे का हेही विचारा.

मुख्य वाक्य असं ठेवा: 'वॉटर इज सीपिंग थ्रू द सीलिंग अँड द अ‍ॅडजॉइनिंग वॉल ऑफ अवर बेडरूम, द डॅम्प पॅच हॅज स्प्रेड बियाँड द लाईन मार्क्ड ऑन', आणि पुढे पेन्सिलच्या पहिल्या रेघेची तारीख.