लिनक्सच्या खेळाडूंसाठी एक आठवडा राखून ठेव

प्रिय दोस्ता,

गेम सहा महिन्यांत स्टीम या ऑनलाइन दुकानात येतोय आणि विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाही, असं तू लिहिलंस. दोघांची टीम, मोजका पैसा, आणि स्टीमच्या दरमहाच्या हार्डवेअर सर्व्हेत लिनक्सचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा लोकांसाठी खटाटोप कशाला, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. तरी माझं म्हणणं, हे काम कर, आणि आत्तापासून कर. रिलीजच्या तोंडावर घेतलंस तर एका आठवड्याच्या कामाला महिना लागेल.

आधी आकडे बघ. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ नावाचा अवकाशातल्या खाणकामाचा एक गेम आहे, गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर केलेला. त्याच्या डेव्हलपरने 2021 मध्ये आपले आकडे उघड मांडले. तोवर साधारण 12,000 प्रती विकल्या गेल्या होत्या, त्यांतल्या सुमारे 700 लिनक्सवाल्यांनी घेतलेल्या, म्हणजे 5.8 टक्के. बगच्या तक्रारी आल्या 1,040 आणि त्यांतल्या जवळपास 400 या 700 जणांच्या. भागाकार करून बघ. लिनक्सवरचा खेळाडू बाकीच्यांच्या दहापट तक्रारी करत होता. एवढंच वाचलं तर ‘ही तर डोकेदुखी’ असं कुणीही म्हणेल. पण त्या 400 पैकी फक्त लिनक्सवरच दिसणारे बग होते तीन. उरलेले सगळे विंडोजवरही तसेच होते. तिथल्या खेळाडूंनी ते सोसले, नाहीतर गेम बंद करून ते दुसरीकडे वळले. डेव्हलपरला कळवलं कुणी? लिनक्सवाल्यांनी.

हा एका गेमचा हिशोब आहे आणि भौतिकशास्त्रावर बेतलेल्या गेमकडे मुळातच तांत्रिक डोक्याची माणसं जास्त येतात, हे धरून चल. तुझ्या कोड्यांच्या गेमला हेच प्रमाण मिळेल असं नाही. पण तक्रारीचा दर्जा मात्र सगळीकडे सारखाच दिसतो. लिनक्स वापरणारा माणूस वर्षानुवर्षं मोफत सॉफ्टवेअरच्या बग ट्रॅकरवर लिहीत आलेला असतो. तो ‘गेम चालत नाही’ एवढं लिहून थांबत नाही. कुठली आवृत्ती, कुठलं ग्राफिक्स कार्ड, मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरचा क्रमांक काय, तिसऱ्या लेव्हलला पॉज करून सेटिंग्ज उघडल्यावर क्रॅश होतो, परत केलं तर परत होतो, सोबत लॉग, म्हणजे गेमने स्वतः लिहिलेली नोंद, जोडलाय, असं लिहितो. तुमच्या टीममध्ये टेस्टर नाही. अशी माणसं तुमचा गेम विकत घेऊन तपासून देणार असतील, तर त्यांच्यासाठी दार उघडं ठेवण्यात तुमचाच फायदा आहे.

बाजारही आता बदललाय. स्टीम चालवणाऱ्या वाल्वने ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. फेब्रुवारी 2022 मध्ये वाल्वचा स्टीम डेक हा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा पीसी, लोकांच्या हातात पडला, त्यात आर्च लिनक्सवर बेतलेलं स्टीमओएस चालतं. 2025 मध्ये लेनोवोच्या लीजन गो एस या हँडहेल्डवरही स्टीमओएस आलं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि त्याच महिन्याच्या सर्व्हेत लिनक्सने पहिल्यांदा तीन टक्के ओलांडले. डेक घेणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसतो. त्यांना लोळत पडून गेम खेळायचा असतो, आणि तुझा गेम तिथे नीट चालतो का एवढंच ते बघतात.

आता मुख्य निर्णय. लिनक्ससाठी वेगळी नेटिव्ह बिल्ड, म्हणजे थेट लिनक्सवर चालणारी गेमची आवृत्ती, करायची की विंडोजचीच बिल्ड प्रोटॉनवर चालू द्यायची? माझं मत विचारशील तर आधी प्रोटॉन. तिथे चोख तपास, आणि ‘आमचा गेम प्रोटॉनवर आम्ही तपासतो, बिघडला तर दुरुस्त करतो’ असं उघडपणे सांग. नेटिव्ह बिल्ड तेव्हाच दे, जेव्हा प्रत्येक पॅच विंडोजबरोबर त्याच दिवशी लिनक्सवरही टाकायची तुमची तयारी असेल. स्टीमवर त्याची वेगळी फी नाही, फाइलींचा एक गठ्ठा (डेपो) वाढतो इतकंच, म्हणून मोह होतो. पण दोन पॅच मागे राहिलेली नेटिव्ह बिल्ड बिल्ड नसण्यापेक्षा वाईट. खेळाडू ती बाजूला सारून प्रोटॉनवरच खेळतो आणि वर नाराज होतो. रॉकेट लीगने मार्च 2020 मध्ये लिनक्स आणि मॅकच्या आवृत्त्यांवरचा ऑनलाइन खेळ बंद केला, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या लोकांना ते जिव्हारी लागलं. जे निभावता येईल तेवढंच कबूल कर.

प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं. शिवाय त्यातलं डीएक्सव्हीके विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी 8 ते 11 या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनमध्ये उलगडतं, आणि 12 साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. हा भाग इतका पक्का झालाय की चित्र दिसत नाही म्हणून गेम अडला, असं आता क्वचित होतं. अडतं भलतीकडेच, आणि सगळ्यात जास्त व्हिडिओवर. सुरुवातीची कटसीन, म्हणजे गोष्ट सांगणारा व्हिडिओ, तू एच.264 किंवा डब्ल्यूएमव्हीत ठेवलीस आणि ती विंडोजच्या मीडिया फाउंडेशनमधून वाजते, असं समज. व्हिडिओ साठवायच्या या पद्धतींना, म्हणजे कोडेकना, परवाने लागत असल्यामुळे प्रोटॉन ते सरसकट सोबत देऊ शकत नाही. मग खेळाडूला तुझ्या कटसीनच्या जागी टीव्हीच्या टेस्ट कार्डासारखे रंगीत पट्टे दिसतात. उपाय सोपा आहे. इंजिन युनिटी असेल तर व्हिडिओ व्हीपी8 च्या वेबएममध्ये ठेव. गोडो असेल तर प्रश्नच नाही, त्यात मुळातच ऑग थिओरा चालतं.

दुसरी अडचण लाँचरची. गेमच्या आधी उघडणारी बातम्यांची, जाहिरातींची ती छोटी खिडकी आत ब्राउझर घेऊन येते आणि प्रोटॉनवर तीच पहिल्यांदा आडवी पडते. ती काढूनच टाक. विंडोजवरच्या खेळाडूलाही ती नकोच असते.

ऑनलाइन गेम करशील तेव्हा अँटीचीटचं, म्हणजे फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचं, बघ. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोघांनी 2021 मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिलाय, पण तो आपोआप चालू होत नाही, डेव्हलपरने सांगावं लागतं. तुझा गेम एकट्याने खेळायचा आहे, तेव्हा आत्ता हे राहू दे.

तपासायला महाग काही लागत नाही. एएमडीचा किंवा इंटेलचा अंगभूत ग्राफिक्स असलेला जुना लॅपटॉप आणि 128 जीबीची एसएसडी पुरे. त्यावर मिंट किंवा फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती टाक, स्टीम बसव, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन निवड. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे विंडोजच्या आतच चालवलेल्या लिनक्सच्या, नादाला लागू नकोस. त्यात ग्राफिक्स नीट कळत नाही आणि नसलेल्या बगमागे दोन दिवस जातात. गेम स्टीमच्या बीटा शाखेवर चढव आणि तिथूनच उतरवून घे. पेनड्राइव्हवरून कॉपी केलीस तर खेळाडूला जे मिळणार आहे ते तू तपासलंच नाहीस. क्रॅश झाला तर गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू कर. होम फोल्डरमध्ये गेमच्या अ‍ॅप आयडीच्या नावाने लॉगची फाइल तयार होते. ती शेवटाकडून वर वाच.

नेटिव्ह बिल्ड करायचीच ठरली तर पहिला दणका बसेल तो फाइलींच्या नावांचा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. कोडमध्ये तू ‘हीरो’ स्मॉल एचने लिहिलंस आणि आर्टिस्टने फाइल कॅपिटल एचने सेव्ह केली, तर विंडोजवर वर्षभर काही कळणार नाही आणि लिनक्सवर पहिल्याच दृश्यात पात्र गायब. कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटमुळे हे आणखी चिघळतं, कारण विंडोजवर नुसतं अक्षर लहान-मोठं करून नाव बदललं तर गिटला ते बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यासाठी गिटची मूव्ह आज्ञा वापर, तीही दोन टप्प्यांत, आधी भलतंच नाव देऊन मग हवं ते. सगळ्यात बरं म्हणजे आजच नियम कर, सगळी फाइलनावं स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. पाथमध्ये उलटी तिरकी रेघही नको, सरळ तिरकी विंडोजलाही चालते.

मग परवानगीचा मुद्दा. विंडोजवर झिप केलेल्या बिल्डमध्ये मुख्य फाइलीवरची ‘चालवता येण्याची’ खूण पुसली जाते. खेळाडू डबल-क्लिक करतो आणि काहीच होत नाही, साधा एररसुद्धा येत नाही. झिप लिनक्सवर कर, किंवा इच या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात टाकायचं असेल तर त्यांचं बटलर हे साधन वापर, ते ही खूण स्वतः नीट करतं. सी++ मध्ये लिहीत असशील तर बिल्ड ताज्या उबंटूवर (हीही लिनक्सचीच आवृत्ती) करू नकोस. नव्या जीलिबसीवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर, बांधलेली फाइल जुन्या सिस्टिमवर उघडत नाही, उलट मात्र चालतं. वाल्वचं स्नायपर रनटाइम, म्हणजे गेमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा ठरलेला संच, डेबियन 11 या जुन्या लिनक्सवर आधारलेलं आहे, त्याच्या कंटेनरमध्ये बिल्ड केलीस की हा प्रश्न मिटतो.

सेव्ह फाइलींकडे मात्र जातीने लक्ष दे. प्रोटॉनवर सेव्ह विंडोजच्या नकली ड्राइव्हमध्ये जाते, नेटिव्ह बिल्डची लिनक्सच्या होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फोल्डरात. एखाद्याच्या घरी विंडोजचा पीसी आणि हातात डेक असेल, आणि सेव्ह फाइली ऑनलाइन ठेवणाऱ्या स्टीम क्लाउडच्या सेटिंगमध्ये दोन्ही सिस्टिमचे पाथ तू एकमेकांना जोडले नसशील, तर चाळीस तास खेळून झालेला माणूस गाडीत बसून डेक उघडतो आणि त्याला ‘नवा खेळ’ एवढंच बटण दिसतं. असा माणूस परत येत नाही. रिलीजच्या आधी स्वतः एकदा करून बघ, विंडोजवर सेव्ह, लिनक्सवर लोड, मग उलटं.

डेकवर हिरवी खूण, म्हणजे ‘व्हेरिफाइड’, हवी असेल तर वाल्वच्या अटी स्पष्ट आहेत. पूर्ण गेम कंट्रोलरवर खेळता आला पाहिजे. पडद्यावर बटणांची चिन्हं कंट्रोलरचीच दिसली पाहिजेत. ‘एंटर दाबा’ असं कुठे राहिलं की हिरवी खूण हुकली. नाव टाइप करायच्या जागी कीबोर्ड आपोआप वर यायला हवा. पडदा 1280 बाय 800 चा आहे आणि त्यावर कुठलंही अक्षर 9 पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं असता कामा नये.

ही 9 पिक्सेलची अट रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आलेली वाटते. तुझ्या गेममध्ये मराठी आहे, तेव्हा ती पुरेशी धरू नकोस. ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ नऊ पिक्सेलांत बसवून बघ, नुसता काळा ठिपका उरतो. वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं एका ओळीत मावायचं तर निदान दीडपट उंची दे आणि ओळींमधलं अंतरही वाढव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फॉन्ट गेमबरोबरच दे. विंडोजवर निर्मला किंवा मंगल असतो म्हणून तुझ्या पडद्यावर सगळं छान दिसतं. लिनक्सवर ते दोन्ही नसतात, आणि दुसरा देवनागरी फॉन्टही नसला तर मजकुराच्या जागी नुसते चौकोन येतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फॉन्ट घे, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये बिनधास्त घालता येतात. आणि गोडो 3 वर असशील तर 4 वर ये. जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं जुळत नाहीत, ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन बसते. लिनक्स असो वा विंडोज, असा गेम मराठी माणसापुढे ठेवता येत नाही.

राहता राहिला तक्रारींचा मार्ग. मेन्यूत एक बटण दे, जे लॉगचा फोल्डर उघडेल. लॉगच्या पहिल्या चार ओळींत गेमची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर आपोआप लिहिले जाऊ देत. डिस्कॉर्डवर लिनक्ससाठी वेगळी खोली उघड, आणि पहिली तक्रार आली की त्याच दिवशी ‘मिळाली, बघतोय’ एवढं तरी लिही. दुरुस्तीला आठवडा लागला तरी चालेल. उत्तर आलं की ही माणसं पुढच्या बीटाला स्वतःहून हजर होतात, आणि खेळाडू प्रोटॉनवरचे अनुभव लिहितात त्या प्रोटॉनडीबी साइटवर तुझ्या गेमबद्दल काय लिहिलं जातं तेही बरंचसं यावरच ठरतं.

या शनिवारी लॅपटॉपवर मिंट टाकून घे. पहिला लॉग निघाला की मला पाठव, आपण तो सोबत वाचू.

तुझा,
एक जुना डेव्हलपर