अंगावरचं दूध आणि फॉर्म्युला दोन्ही दिलं तर अंगावरचं आटतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाळ सव्वा महिन्याचं, सिझेरियन झालेलं, वजन हवं तसं वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी दिवसातून दोन-तीनदा वरचं दूध म्हणजे फॉर्म्युला द्यायला सांगितलाय, सासूबाई म्हणतायत डबा घरात आला की अंगावरचं संपलंच समज, तुमची आई म्हणतेय पोर रडतंय आधी त्याचं पोट भर, आणि तुम्हाला हवंय की अंगावरचं सुटू नये आणि पुढे ऑफिस सुरू झालं तरी जमावं. जमतं हो ताई. माझ्या लेकीला मी दुसऱ्या महिन्यापासून दोन्ही दिलंय आणि दोन वर्षांची होत आली तरी ती अंगावर पीत होती. मी डॉक्टर नाही, डोंबिवलीत राहणारी नोकरी करणारी आई आहे, त्यामुळे मी जे सांगतेय ते तुमच्या बाळाच्या डॉक्टरांना विचारून घ्याच.

आधी सासूबाईंच्या मुद्द्याचं. दूध डब्यामुळे आटत नाही, पाजायची वेळ चुकल्यामुळे आटतं. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध तयार होतं, आणि भरलेले राहिले की शरीर आपोआप दूध बनवणं कमी करतं. होतं काय, रात्री दहाला बाटली दिली, बाळ पोटभर पिऊन चार-पाच तास झोपलं, आई पण दमलेली असते ती झोपली, आणि तेवढा वेळ छाती दगडासारखी भरून राहिली. एखाद दिवस झालं तर काही बिघडत नाही पण रोज असंच चाललं की थोड्या दिवसांत पाझर कमी होतो आणि मग सगळे म्हणतात बघ डबा लागला आणि दूध गेलं. म्हणून माझं एकच सांगणं आहे, आधी अंगावर, दोन्ही बाजूंना, आणि मग वरून फॉर्म्युला. आणि एखादी वेळ पूर्णच बाटलीवर गेली, समजा तुम्ही झोपलात आणि नवऱ्याने पाजलं, तर त्याच सुमाराला हाताने किंवा पंपाने दूध काढून घ्या. रात्रीचं पाजणं तर अजिबात सोडू नका, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. घरचे प्रेमाने म्हणतात रात्री आम्ही बाटली देतो तू झोप, त्यांना सांगा की दिवसा घ्या बाळाला, मालिश, ढेकर, लंगोट, कपडे सगळं करा, म्हणजे मी दिवसा झोपेन.

आता दूध खरंच कमी आहे का हा प्रश्न. तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी वजन करून सांगितलंय त्यामुळे तिथे वाद नको, फॉर्म्युला द्या आणि मनात काही ठेवू नका. पण पुढे तो वाढवायचा की कमी करायचा हे ठरवताना रडण्यावर जाऊ नका. संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं तोंड लावून असतं, सोडलं की रडतं, हे या वयातल्या बऱ्याच बाळांचं असतं आणि तेवढ्यावरून दूध नाही असं होत नाही. छाती मऊ लागते, पंपातून जेमतेम तळ झाकेल एवढंच येतं, यावरूनही काही ठरत नाही कारण बाळ पंपापेक्षा खूप चांगलं ओढतं. बघायचं ते दोनच, शू आणि वजन. पहिला आठवडा संपला की चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि शू फिकट हवी. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत येतं, आणि मग पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढतं. वजन नेहमी एकाच काट्यावर, कपडे काढून करा. घरी कडेवर घेऊन माणसाच्या काट्यावर उभं राहून वजाबाकी करायची नाही, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि उगाच घरभर टेन्शन.

आणि हो, कोणीतरी जाणकाराने तुम्हाला पाजताना प्रत्यक्ष बघायला हवं, हे राहिलं असेल तर आधी करा. लॅच म्हणजे बाळाची स्तनावरची पकड नीट असेल तर बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि स्तनाचा काळा भाग वर जास्त दिसतो खाली कमी. गिळल्याचा आवाज येतो. नुसतं टोक धरून चोखत असेल तर तुम्हाला दुखणार आणि त्याला दूध मिळणार नाही, तासभर घेऊन बसलात तरी. सिझेरियनमध्ये दूध उतरायला बऱ्याचदा एखाद-दोन दिवस उशीर होतो आणि टाक्यांमुळे मांडीवर घेववत नाही, तर बाळाला कुशीत बगलेखाली, पाय तुमच्या पाठीकडे, असं उशीवर घेऊन बघा. मला हे एका नर्सने दाखवलं आणि टाक्यांवरचा ताण एकदम गेला.

किती द्यायचं? डब्यावर जो तक्ता असतो ना वयानुसार एवढे चमचे एवढ्या वेळा, तो पूर्ण फॉर्म्युलावर असलेल्या बाळांचा आहे, तो तुम्हाला लागू नाही. पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला या वयात दिवसाला साधारण किलोमागे १५० मिली लागतं, म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिलीच्या आसपास. तुमचं बाळ त्यातलं बरंचसं तुमच्याकडून घेतंय, त्यामुळे प्रत्येक वेळी किती मिली आणि दिवसात किती वेळा हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि संपवलंच पाहिजे असा हट्ट नको, तोंड फिरवलं की बस.

बाटली लागली की अंगावर घेत नाही म्हणतात त्यात तथ्य आहे, बाटलीतून कष्ट न करता धार येते आणि काही बाळांना तेच आवडायला लागतं. म्हणून सुरुवातीला वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, वापरा. माझ्या आईने कपाटातून बोंडलं काढलं, आधी मला वाटलं हे कुठलं जुनं, पण फार उपयोगी पडलं. बाळाला थोडं उभं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाशी आणून थांबायचं, घशात ओतायचं नाही, ते स्वतः जिभेने ओढून घेतं. मधे मधे खाली करून श्वास घेऊ द्यायचा. वापरून झालं की लगेच धुवायचं कारण चोचीच्या आतल्या कोपऱ्यात दुधाची साय चिकटते, ती घासून काढून मग उकळायचं. बाटलीच द्यायची असेल तर सगळ्यात हळू धारेचं निप्पल, बाळ बसतं धरलेलं, बाटली जवळपास आडवी, आणि दर थोड्या घोटांनी थांबायचं. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आता बनवण्याचं, आणि इथे ताई अजिबात अंदाजपंचे नको. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो पण तुमचा डबा वाचा, आणि चमचा त्याच डब्यातला. शीग भरलेला नाही, दाबलेला नाही, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. पातळ केलं तर बाळाचं पोट पाण्याने भरतं आणि वजन वाढत नाही, घट्ट केलं तर त्याच्या किडनीवर ताण येतो. डबा महाग आहे म्हणून पुरवून वापरणारी घरं मी पाहिली आहेत, तसं कृपया करू नका, परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते मार्ग काढतात. पाणी आरओचं असलं तरी उकळायचंच, आणि गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घालायची म्हणजे पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नसतं. कारण पावडर निर्जंतुक नसते, ते गरम पाणी तिच्यातले जंतू मारायला असतं. मग भांडं नळाच्या धारेखाली धरून गार करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांत वापरायचं, आणि उष्टं उरलं की टाकायचंच, परत गरम करून द्यायचं नाही. अंगावरचं काढून ठेवलेलं असेल तर ते आधी द्या, मग फॉर्म्युला वेगळा, म्हणजे उरलं तर तुमचं दूध वाया जात नाही. पावडर आईच्या दुधात मात्र कधीच कालवायची नाही.

फॉर्म्युला सुरू झाल्यावर शीचा रंग आणि घट्टपणा बदलतो, पिवळी पातळ शी जरा जाड आणि तपकिरीकडे झुकते, घाबरू नका. पण शीत रक्त, अंगावर पुरळ, सारख्या उलट्या असं काही दिसलं तर लगेच दाखवा.

सासूबाईंना एवढंच सांगा की गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला नाही, मध वर्षाच्या आत नाही, पाणी सहा महिन्यांच्या आत नाही, गुटी मी तर दिलीच नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करत असतील तर आवडीने खा, बाळंतिणीला खायला हवंच, फक्त दूध वाढतं ते वारंवार पाजल्याने हे लक्षात असू द्या. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती सोडा, तहान लागेल तेवढं प्या. डी व्हिटॅमिनचे थेंब (रोज ४०० युनिट) चालू आहेत का तेही विचारा.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीला बंदी आहे, डब्यावर बाळाचा फोटोही छापता येत नाही. काहीजणी याचा अर्थ असा घेतात की हे काहीतरी विषारी आहे आणि आपण पाप करतोय. कायदा कंपन्यांनी आयांना भुलवू नये म्हणून आहे, गरज असलेल्या बाळाला ते देणाऱ्या आईविरुद्ध नाही. तुमच्या बाळाला सध्या गरज आहे.

ऑफिसचं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन ब्रेक मिळतात, तुमची कंपनी या कायद्यात येते का ते एचआरला लेखी विचारा. मी सकाळी निघताना, आल्या आल्या आणि रात्री अंगावर पाजायचे, दिवसा घरी फॉर्म्युला, आणि ऑफिसात दुपारी एकदा तरी पंप, कधी दूध घरी न्यायला तर कधी नुसतं पाझर टिकवायला. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, आपल्या एप्रिल-मेमध्ये तेवढंही धरू नका, सरळ फ्रीजमध्ये, तिथे चार दिवस. तोवर बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खाणं सुरू होतं आणि ओढाताण बरीच कमी होते.

लंगोट ओले व्हायचे कमी झाले, बाळ मलूल झालं, प्यायला उठेनासं झालं किंवा ताप आला तर या उत्तराकडे नाही, थेट दवाखान्यात. नाहीतर बाळाचं जन्माचं वजन, आत्ताचं वजन आणि दिवसभरात किती लंगोट ओले होतात एवढं खाली लिहा, म्हणजे डॉक्टरांकडे जाताना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.