कल्ट म्हणायचं कधी?

प्रश्न: माझी वहिनी वर्षभर एका सत्संगाला जातेय, दर गुरुवारी. कांदा-लसूण सोडलं, टीव्ही बंद. दादा म्हणतो हा कल्ट आहे, म्हणजे माणसाला पुरतं कब्जात घेणारा पंथ, आई म्हणते देवाचंच नाव घेते ना, बिघडलं काय. नक्की ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कांदा-लसणावरून ठरवायचं तर चातुर्मासात अर्धा महाराष्ट्र कल्ट निघेल. काय मानतात यावरून हे कळतच नाही हो, प्रश्न विचारता येतो का आणि बाहेर पडता येतं का यावरून कळतं. अमेरिकेतल्या जिम जोन्सचं पीपल्स टेम्पल घ्या, ते एका रीतसर प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेलं होतं, गोरे-काळे एकत्र बसायचे, गरिबांना जेवण, म्हाताऱ्यांची सोय, पुढारी कौतुक करायचे. मग १९७७ ला शेकडो लोक त्याच्यामागे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात गेले आणि तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले, पत्रं आधी वाचणार मग पाठवणार, म्हाताऱ्यांची पेन्शन थेट संस्थेकडे, लाऊडस्पीकरवर वेळी-अवेळी जोन्सचा आवाज. नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकन खासदार लिओ रायन चौकशीला आला तेव्हा वरवर सगळं झकास, गाणीबजावणी, पण त्याच्यासोबतच्या पत्रकाराच्या हातात कुणीतरी गुपचूप चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून बाहेर काढा म्हणून. दुसऱ्या दिवशी निघालेल्यांवर धावपट्टीवर गोळीबार झाला, रायन मारला गेला, आणि त्याच संध्याकाळी ९०० च्या वर माणसं सायनाइडने मेली, त्यात ३०० च्या आसपास मुलं. मुलांना तर विष पाजलंच होतं, याला सामूहिक आत्महत्या म्हणतात ते मला पटत नाही.

आता आपली वारी बघा. माळ, एकादशी, मांसाहार बंद, दिंडीत चोपदाराचं ऐकायचं, भिशीचे (दिंडीतल्या जेवणखर्चाचे) पैसे भरायचे, नियम काही कमी नाहीत. पण आषाढी झाली की माणूस घरी येऊन शेताला लागतो, आणि उद्या माळ काढून ठेवली तर चार नातेवाईक बोलतील, बास.

वहिनी दोन गुरुवार गेली नाही तर काय होतं ते बघा. 'तब्येत बरी ना' असा फोन येतो की 'गुरूंचा कोप होईल' असा? गुरूंचं चुकलं असं तिथे कुणी म्हणू शकतं का? किती पैसे दिले ते घरी सांगते की लपवते? माहेरी जाणं तुटलंय का?

आणि दादाला सांगा, तिच्यासमोर कल्ट हा शब्द काढू नकोस. असे ग्रुप आधीच सांगून ठेवतात की घरचे विरोध करणार, मग हा भांडला की तेच खरे ठरतात. त्यापेक्षा एखाद्या गुरुवारी त्यानेच सोबत जाऊन बसावं, आत येऊ देतात का तेही कळेल.