घरचे पाठबळ, साधी नोकरी आणि ओळखीची किंमत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत दिसतो. पगार सारखाच असूनही दहा वर्षांत एकाचे घर उभे राहते आणि दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही, असे का होते. हलके समजले जाणारे काम करणाऱ्याने पैशाबाबत कोणती अपेक्षा धरावी. आणि ओळखीवर किती विसंबावे, असे हे प्रश्न आहेत. घरच्या पाठबळाचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, हे या गोंधळाचे मूळ आहे. पुढील उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. प्रत्यक्ष निर्णय आपली कागदपत्रे जाणकाराला दाखवूनच घ्यावा.

प्रश्न : मी 28 वर्षांचा असून पुण्यात खासगी नोकरी करतो. हातात 48,000 रुपये येतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तेवढाच पगार आहे आणि तो दरमहा 25,000 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) करतो. माझ्याकडून पाच हजारही होत नाहीत. मी उधळ्या आहे का? तो मला ऑप्शन ट्रेडिंग (शेअरच्या पुढील भावावरचे जोखमीचे सौदे) करून पाहा, असे सुचवतो.

आपण पाठवलेल्या खर्चाच्या यादीत उधळपट्टीची एकही नोंद नाही. खोलीभाडे आणि मेस मिळून 14,000, बीडजवळच्या गावी आई-वडिलांना 12,000 आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता 7,000, असे 33,000 रुपये महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जातात. आपला सहकारी, आपणच लिहिल्याप्रमाणे, वडिलांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहतो, घरी जेवतो, त्याच्या शिक्षणाचा खर्च घरातून झाला आणि त्याच्या वडिलांना निवृत्तिवेतन आहे. म्हणजे कागदावर सारखे दिसणारे दोन पगार प्रत्यक्षात दरमहा 33,000 रुपयांनी वेगळे आहेत. हीच तफावत दहा वर्षे राहिली, तर एक पैसा व्याज न धरता ती 39 लाख 60 हजार रुपयांची होते. त्याच्यापाशी आणखी एक गोष्ट आहे, जी बँकेच्या पासबुकात दिसत नाही: नोकरी मनासारखी नसेल तर ती सोडून सहा महिने थांबण्याची मुभा. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने 2018 साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात तळाच्या उत्पन्न गटातील कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचण्यास सात पिढ्या लागू शकतात. डेन्मार्कमध्ये हाच अंदाज दोन पिढ्यांचा आहे. त्यामुळे स्वतःला दोष देणे थांबवावे.

क्रम मात्र बदलू नये. आधी चार-पाच महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत साठवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दृष्टीने आई-वडिलांची शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळतात का, हे याच महिन्यात तपासावे, कारण आपल्यासारख्या घरांतील शिल्लक बहुधा एका आजारपणात संपते. आई-वडील आपल्या कमाईवर अवलंबून आहेत, म्हणून स्वतःचा मुदत विमा (केवळ मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा टर्म विमा) घ्यावा आणि मग दोन-तीन हजारांची एसआयपी सुरू करावी. ऑप्शनच्या सल्ल्याबाबत एवढेच सांगतो की, शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मार्च 2024 पर्यंतच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेल्याचे दिसले. सहकाऱ्याचा तोटा त्याचे घर सोसेल. आपला तोटा गावच्या घरावर पडेल. एकदा सेबी-नोंदणीकृत सल्लागाराची, त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून, भेट घ्यावी.

प्रश्न : वडील सोसायटीत सुरक्षारक्षक आणि आई घरकाम करते. मुलाखतीत हे विचारल्यास सांगावे का?

विचारल्यास सरळ सांगावे.

प्रश्न : मी घरातील पहिलीच पदवीधर. आमच्या ओळखीत एकही अधिकारी नाही. ओळखीशिवाय चांगली नोकरी लागत नाही, हे खरे का?

हे अर्धे खरे आहे, आणि त्यातले खरे अर्धे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली सात कोटींहून अधिक लोकांच्या फेसबुकवरील मैत्रीचा अभ्यास केला. ज्या भागांत गरीब घरांतील मुलांची सुस्थित घरांतील मुलांशी मैत्री अधिक होती, तेथील गरीब मुले मोठेपणी अधिक कमावताना आढळली. मात्र ओळख म्हणजे केवळ मामा-काका नव्हेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 सालीच दाखवून दिले होते की, नोकरीची खबर जवळच्या नातलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. महाविद्यालयातील दोन-तीन वर्षे पुढचे विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी म्हणून काम केलेल्या ठिकाणचे वरिष्ठ आणि विषयाचे प्राध्यापक यांना नेमके काय येते आणि काय हवे आहे ते चार ओळींत कळवावे. त्याला कमीपणा मानू नये. सुस्थित घरांतील मुले हेच न संकोचता करतात.

प्रश्न : ‘साध्या नोकरीतून कोट्यधीश’ या दोन दिवसांच्या शिबिरासाठी 24,999 रुपये शुल्क आहे. आज भरल्यास निम्मी सवलत. जावे का?

जाऊ नये. ‘आजच भरा’ असे जिथे सांगतात, तिथे विचार करायला वेळ मिळू नये हाच हेतू असतो. अशा शिबिरांत थोरांच्या चरित्रातील गरिबी सांगतात आणि आधार गाळतात. धीरूभाई अंबानी एडनला कारकून म्हणून गेले, हे खरे. तेथे थोरले बंधू आधीपासून होते आणि मुंबईत परतल्यावरचा पहिला धंदा त्यांनी चुलत नात्यातील चंपकलाल दमाणी यांच्या भागीदारीत केला, हेही खरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. तेथून कारखाना हलवण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली 32 एकर माळजमीन दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. दोघांच्या कष्टांत आणि बुद्धीत यामुळे काहीही उणे होत नाही. पण भाऊ, भागीदार आणि जमीन देणारा यांना वगळून सांगितलेली गोष्ट ऐकून तरुण स्वतःला नालायक ठरवतात, याचा मला राग येतो.

प्रश्न : मी कंत्राटदारामार्फत सुरक्षारक्षक आहे. मूळ पगार 13,000. पावतीवर भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसते, पण मोबाइलवर आठ महिन्यांपासून जमा दिसत नाही. एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करावी का?

अवश्य करावी, आणि आठ महिने थांबायला नको होते. आपले 12 टक्के, म्हणजे 1,560 रुपये, आणि तेवढीच मालकाची रक्कम दरमहा जमा व्हायला हवी. त्याच नोंदीवर आपले निवृत्तिवेतन आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला कमाल 7 लाखांपर्यंत मिळू शकणारी विम्याची रक्कम अवलंबून असते. पगार दरमहा 21,000 रुपयांच्या आत असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून उपचारही मिळतात, तीही नोंद पाहून घ्यावी. कंत्राटदार टाळाटाळ करत असेल, तर ज्या आस्थापनेत आपण प्रत्यक्ष उभे राहता तिच्यावरही जबाबदारी येते. पगाराच्या सर्व पावत्या, ओळखपत्र आणि यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा आपला कायम क्रमांक) घेऊन भविष्यनिर्वाह निधीच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

काम लहान आहे म्हणून नोंदही लहान मानायची, ही समजूत सोडावी. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला, तेव्हा पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाच्या नावाने नोंद झाली, निधी जमू लागला आणि पुढच्या पिढीला मागे वळून पाहता येईल असे काही तरी उभे राहिले. सुरक्षारक्षकांसाठीही 1981 चा कायदा आणि त्याखालील मंडळे आहेत. आपल्या जिल्ह्याच्या मंडळात नोंदणी होते का, हे कामगार कार्यालयात विचारावे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शिपाई असून हातात 24,000 रुपये येतात. आमच्या भागातील एक वजनदार गृहस्थ पतसंस्थेकडून सहा लाखांचे कर्ज घेत आहेत आणि मला जामीन राहण्यास सांगतात. ‘फक्त सही हवी, बाकी मी बघतो,’ असे ते म्हणतात. माझ्या मुलाला लिपिक म्हणून लावून देण्याचा शब्दही त्यांनी दिला आहे. नाही म्हटले तर संबंध बिघडतील.

सही करू नये. या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण कष्टाने कायम नोकरी मिळवलेली माणसे या एका सहीने वर्षानुवर्षे मागे गेलेली मी पाहिली आहेत.

‘फक्त सही’ असे काही नसते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सहसा मिळत नाही. पतसंस्था महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश) मिळवते, त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावे असतात, आणि वसुली अधिकारी जिथे वसुली सोपी तिथे आधी जातो. सर्वांत सोपी वसुली पगारातून होते.

वजनदार गृहस्थ आपल्याकडेच का आले, याचा विचार करावा. त्यांचे स्नेही जमीनजुमला असलेले असणार, पण त्यांची नावे अर्जावर नाहीत. आपल्यापाशी जमीन नसेल, पण कायम नोकरीचे पगारपत्रक आहे, आणि संस्थेला तेच हवे असते. म्हणजे या व्यवहारात ओळखीचा लाभ त्यांना होत आहे आणि किंमत आपण मोजणार आहात. सहा लाखांचे कर्ज 13 टक्के दराने पाच वर्षांसाठी असेल, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या पुढे जातो. तो आपल्यावर आला तर 24,000 पैकी घरात किती उरेल, हे सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांसमोर लिहून काढावे. हप्ते नियमित गेले तरीही हे कर्ज आपल्या पतअहवालात जामीन म्हणून दिसू शकते, आणि मुलाच्या शिक्षणासाठी आपण कर्ज मागाल तेव्हा आडवे येऊ शकते. दिलेल्या कर्जाचा जामीन नंतर मनात आले म्हणून काढून घेता येत नाही. संस्थेची संमती आणि बहुधा दुसरा जामीनदार लागतो. जामीनदाराचा मृत्यू झाला, तरी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती झळ वारसांना लागू शकते.

‘सगळेच एकमेकांना जामीन राहतात, काही होत नाही,’ असे आपल्याला चहाच्या टपरीवर सांगणारे हप्ता भरायला येणार नाहीत. मुलाच्या नोकरीचा शब्द हा तोंडी आहे आणि आपली सही लेखी आहे, हा फरक ध्यानात घ्यावा. संबंधांची काळजी वाटत असेल, तर ‘माझ्या नावावर आधीच जबाबदाऱ्या आहेत, घरच्यांची संमती नाही,’ असे आजच नम्रपणे सांगावे. आठवडाभर घोळवलेला नकार अधिक कटू होतो, आणि त्या आठवड्यात कोणी तरी कागद घेऊन घरी येते. सही आधीच झाली असेल, तर मंजुरीपत्र आणि जामीनपत्राची प्रत संस्थेकडे लेखी मागावी आणि कर्जाची रक्कम उचलली जाण्यापूर्वी सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवावी.

प्रश्न : सरकारी नोकरीत ‘आतून’ लावून देण्यासाठी एक ओळखीचे आठ लाख मागतात. शेत विकावे का?

नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे; लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : भाऊ म्हणतो, तुझ्या लग्नात खर्च झाला, आता वडिलोपार्जित घर-शेतीचे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त) करून दे. तलाठ्यापुढे प्रकरण लवकर मिटेल. मी भाड्याच्या घरात राहते. सही करू का?

वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क मिळाला आहे, आणि वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. एकाच घरात वाढलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या पायाखाली घर असते आणि दुसरी आयुष्यभर भाडे भरते, याचे कारण अनेकदा अशी एक सही असते. आपले मन भावाला हिस्सा देण्याचे असेल तर तो आपला अधिकार आहे. मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागे घेणे फार अवघड असते, म्हणून आधी सातबारा आणि मिळकतपत्रिका काढून हिश्शाची किंमत जाणून घ्यावी. भावाने आणलेल्या वकिलाचा सल्ला पुरेसा नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे.

प्रश्न : मी ठाण्यातील निवृत्त बँक कर्मचारी. मुलगा नोकरी सोडून व्यवसाय सुरू करत आहे आणि माझे निवृत्तीचे 32 लाख मागतो. मला निवृत्तिवेतन नाही. आम्ही नाही तर त्याला कोण देणार?

आपला प्रश्न रास्त आहे. घरचा पैसा हाताशी असला की एकदा अपयश पचवता येते, आणि बहुतेक यशस्वी व्यवसायांच्या मागे अशी एक संधी असते. पण ती संधी देण्यासाठी आपण दोघे उघड्यावर येऊ नये. निवृत्तिवेतन नसताना 32 लाख हीच आपली पुढील वीस-पंचवीस वर्षांची मिळकत आहे. आपला वार्षिक खर्च, आरोग्य विमा आणि औषधे यांचा हिशेब आधी करावा आणि बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम, बहुधा चार-पाच लाखांच्या आतली, द्यावी. ती देणगी, कर्ज की भांडवल, हे चार ओळींत लिहून ठेवावे; दुसरे अपत्य असेल तर त्यालाही सांगावे. राहते घर तारण ठेवू नये. मुलाला पैशाइतकाच आपल्या परिचयाचाही उपयोग आहे: आपण ज्यांच्याबरोबर काम केले, त्या कर्ज विभागातील सहकाऱ्यांपुढे त्याला त्याचा प्रकल्प अहवाल मांडायला लावावा, आणि त्यांनी काढलेल्या त्रुटी दुरुस्त होईपर्यंत मुदत ठेव मोडू नये.