हाय-एंड ऑडिओ सिस्टीम घेतल्यावर लोकांना नंतर कशाची हळहळ वाटते?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की बजेट अडीच लाखांच्या आसपास आहे, हॉल १४ बाय ११ फुटांचा, आणि ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि जुनी गाणी. कोणत्या खरेदीचा नंतर पस्तावा होतो, ते आधीच सांगा.

सगळ्यात जास्त पस्तावा मोठ्या फ्लोअरस्टँडर, म्हणजे थेट जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरचा होतो. स्पीकर चांगलाच असतो, पण त्या खोलीला तो झेपत नाही. तुम्ही मापं दिलीच आहेत, तर हिशोब करू. ५६५ ला फुटांनी भागलं की त्या दिशेने खोली कुठे घुमणार ते हर्ट्झमध्ये मिळतं. १४ फुटांचे ४०, ११ फुटांचे ५१, छत साडेनऊ फुटांवर असेल तर साधारण ६०. या तीन जागी बेस फुगतो आणि वाजायचा थांबला तरी रेंगाळतो. अमेरिकेतले रिव्ह्यू बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या घरांत लिहिलेले असतात. त्या भिंती किंचित हलतात आणि थोडा बेस गिळतात. आपल्याकडे वीट, आरसीसी स्लॅब आणि खाली टाइल्स, त्यामुळे बेस जवळजवळ सगळा परत येतो. ३० हर्ट्झपर्यंत उतरणारा, दोन-दोन आठ इंची वूफरचा (बेस वाजवणाऱ्या पडद्याचा) स्पीकर अशा हॉलमध्ये लावला की डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा ऐकूच येत नाही. त्याच्या जागी एकसुरी ‘हूं’ येतो आणि शोकेसच्या काचा खणखणायला लागतात.

आणि तुमच्या संगीताला तो बेस लागतही नाही. काळी एकला लावलेल्या मोठ्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, जोडीच्या तारा त्याच्या दुप्पट. ५० च्या खाली ऐकण्यासारखं फारच थोडं उरतं. साडेसहा इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ, म्हणजे छोट्या खोक्याचा स्पीकर ५० पर्यंत जातो. तो भक्कम स्टँडवर ठेवा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला आणा. या बजेटमध्ये मी दुसरं काही सुचवणार नाही.

ज्यांनी मोठे स्पीकर आधीच घेतलेत त्यांनी विकायची घाई करू नये. स्पीकरला मागे किंवा पुढे भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर त्यात स्पंजचा बोळा बसवा. कंपनी कधीकधी तो खोक्यातच देते. नसेल तर दोन मोजे गुंडाळून घाला, फक्त आत निसटू नयेत म्हणून दोरा बांधून टोक बाहेर ठेवा. ४० ते ५० च्या पट्ट्यातली फुगवट लगेच कमी होते. मग सोफा. आपल्याकडे तो हमखास मागच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि बेसचा दाब नेमका भिंतीशीच सर्वांत जास्त असतो. १४ फुटांच्या लांबीत बसायची उत्तम जागा मागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर येते. घरात ते जमत नाही हे मान्य, पण दोन-अडीच फूट पुढे ओढला तरी फरक पडतो. बरोबर मध्यावर, सात फुटांवर, मात्र बसू नका. तिथे ४० हर्ट्झ जवळपास गायब होतो.

खोलीसाठी लोक पिरॅमिडच्या आकाराचा एक-दोन इंची फोम घेऊन भिंतभर चिकटवतात, तोही पस्तावाच. त्याने वरचे सूर मंद होतात, बेसला काहीच होत नाही. आधी घरातल्या कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून स्पीकरमागच्या कोपऱ्यांत उभ्या करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. सुधारणा कानाला जाणवली तर ४ इंची रॉकवूल आणा, घनता घनमीटरला ४८ ते ६४ किलो, २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत, वरून हवा जाईल असं कापड, आणि भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, त्याची कुसळं त्वचेत टोचतात.

दुसरी मोठी चूक अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या जुळणीची. ३०० बी या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या सिंगल-एंडेड (प्रत्येक स्पीकरमागे एकच ट्यूब असलेल्या) अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज लोकांना भुरळ घालतो आणि ते मला समजतं. पण तो देतो ८ वॅट. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटवर एका मीटरला मिळणारा आवाज, ८६ डेसिबल असेल तर ८ वॅटचे ९ डेसिबल मिळवून एका मीटरवर ९५. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत, दोन्ही स्पीकर धरून, जेमतेम ९० पोचतात. गायन सरासरी ७५ वर ठेवलं तर तबल्याची थाप त्यावर १५-२० डेसिबल उसळते. म्हणजे नेमकी थापच चिरडली जाते. अशा अ‍ॅम्प्लिफायरला ९३-९४ च्या वरचाच स्पीकर हवा. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी वाचा. सोबत कमीत कमी इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अवरोध, तोही बघा. ‘८ ओहम’ लिहिलेले कित्येक स्पीकर बेसमध्ये ३ ओहमपर्यंत उतरतात आणि हलका अ‍ॅम्प्लिफायर तिथे तापून बंद पडतो.

क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर घेताना उष्णतेचा विचार करा. गाणं न लावताही तो १५०-२५० वॅट ओढत बसतो. २०० वॅटचा रोज चार तास चालला तर महिन्याला २४ युनिट, आणि मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये ठेवला तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर सुकतात. दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं असं धरतात. वर आणि बाजूंना निदान सहा इंच मोकळं ठेवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. तिथलं यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ज्या टर्नटेबलमध्ये (रेकॉर्ड प्लेअरमध्ये) एसी सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी मोटर असते ती आपल्या ५० हर्ट्झवर सहापैकी पाच भागच वेगाने फिरते. ३३⅓ ऐवजी मिनिटाला २८ हून कमी फेरे. काळी एकमधलं गाणं काळी पाचपर्यंत उतरतं. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली, ती कंपनीकडे मिळते का ते मागवण्याआधी विचारा. डीसी मोटरच्या टर्नटेबलला ही अडचण नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि गुणगुणतो, त्यामुळे मोठा अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर मी तरी आणू नका असंच सांगेन. मागे २२०/२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलं असेल किंवा तसा सिलेक्टर असेल तरच आणा.

महागडा पॉवर कंडिशनर आणि पॉवर केबल घेण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचं काम करा. मल्टीमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज-अर्थ रीडिंग फेज-न्यूट्रलच्या जवळपास हवं, ते खूपच कमी आलं तर अर्थिंग नीट नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्पीकरमधून हम, म्हणजे सतत गुणगुण, येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर काढून बघा. हम गेला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये फिरणारा प्रवाह होता, वीज ‘स्वच्छ’ करून तो जाणार नव्हता. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या लाइनवर अ‍ॅम्प्लिफायर कधीच लावू नका, ट्रान्सफॉर्मर भणभणतो.

स्पीकर केबलचा विषय छोटा आहे. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, पाच मीटर अंतराला, जाऊन-येऊन ०.०७ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरलाही ती पुरते.

डॅकमध्ये, म्हणजे डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रात, फसलेले बहुतेक जण एमक्यूए या डिजिटल गाण्यांच्या फॉरमॅटसाठी जादा पैसे मोजलेले आहेत. २०१४ च्या शेवटी तो आला, २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, आणि २०२४ च्या जुलैत टायडल या गाण्यांच्या स्ट्रीमिंग सेवेनेही तो काढून टाकला. डॅक साध्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीच्या दर्जाला, कसा वाजतो त्यावर निवडा. जुन्या गाण्यांच्या मूळ टेपमध्ये त्याहून जास्त काही दडलेलं नाही.

मुंबई, कोकण, गोव्यात राहत असाल तर सेकंड-हँड स्पीकरच्या वूफरची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा चिकट भुगा होतो, रबराची बरीच जास्त टिकते. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलचे (हाय व्होल्टेजवर हलणाऱ्या पातळ पडद्याचे) स्पीकर गाण्याला अतिशय सुंदर असतात, पण ओलावा आणि धूळ बसली की आतला हाय व्होल्टेज चिरचिरतो, आणि पॅनेल परदेशातून मागवावं लागतं. समुद्राजवळच्या, दिवसभर खिडक्या उघड्या असणाऱ्या घरात ते लावू नका.

दुकानातला डेमो खास तयार केलेल्या खोलीत होतो, म्हणून घरी डेमो मागा. दोन अ‍ॅम्प्लिफायर ताडून बघताना ५० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्हींचं रीडिंग एक टक्क्याच्या आत जुळवा, उदाहरणार्थ दोन्हीकडे १.०० व्होल्ट. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर मोठा न वाटता ‘जास्त खुलून’ वाटतो, आणि लोक त्या अर्ध्या डेसिबलचे लाखभर रुपये मोजतात. त्याच डेमोत ४०, ५१ आणि ६० हर्ट्झचे टोन एकेक करून लावा, सोफ्यावर बसा आणि कुठल्या टोनला काच वाजते ते लिहून ठेवा.