रसवंतीतल्या उसाच्या चिपाडापासून वीज देणारा सेन्सर खरंच बनतो का? (कॉलेज प्रोजेक्टसाठी, पुणे)

बनतो, पण त्यावर मोबाइल चार्ज करायची आशा सोडा.

चिपाडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य घटक) असतं. ते वेगळं काढून पातळ कागद करायचा, समोर टेफ्लॉनची पट्टी आणि दोन्हींच्या पाठीला अॅल्युमिनियम फॉइल. दाबलं-सोडलं की कागद इलेक्ट्रॉन देतो, टेफ्लॉन घेतं आणि बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहतो. हे तत्त्व वापरणारा ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर (स्पर्श-घर्षणातून वीज देणारं छोटं साधन) २०१२ मध्ये शास्त्रज्ञ झोंग लिन वांग यांच्या गटाने मांडला. व्होल्टेज दणदणीत दिसतं, प्रवाह मात्र मायक्रोअँपिअरमध्ये. एखादा एलईडी लुकलुकेल, पावलांची नोंद होईल, बस्स.

खरी डोकेदुखी ओलाव्याची. सेल्युलोज हवेतलं पाणी पितं आणि साठलेला विद्युतभार निसटतो. एप्रिलमध्ये पुण्यात झकास चाललेलं मॉडेल जुलैत हमखास मान टाकेल. माझं ऐकाल तर हाच दोष कामाला लावा आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर करा. त्याला टेफ्लॉनही लागत नाही, कागदावर पेन्सिलीच्या ग्राफाइटचे दोन पट्टे ओढून त्यांच्यामधला रोध मोजला तरी सुरुवात होते.

आणि रिपोर्टमध्ये ‘शंभर टक्के जैवविघटनशील’ लिहू नका. तारा आणि इलेक्ट्रॉनिक चिप कुजत नाहीत, परीक्षक तिथेच पकडतात.